वल्लरीची मापं

बिशान, सिंगापूर
रविवार, १ जून २०१४

प्रिय प्रबोध,

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर मी एक वाक्य सुरू करते आणि तू ते पूर्ण करतोस, आणि तू पूर्ण केलेलं वाक्य नेहमी तुझ्या सोयीचं निघतं. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही. तुझ्या ऑफिसातला मुकुल मंगळवारी पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे पाकीट देतेय. शेवटपर्यंत वाच, मगच फोन कर.

आधी सॉफ्टबॉलच्या सामन्याचं सांगते. तू चारदा विचारलंस आणि चारही वेळा वल्लरीने सिंगापुरी थाटात "ओके ला" एवढंच म्हणून फोन माझ्या हातात दिला. उपांत्यपूर्व सामन्यात शेवटच्या डावात त्यांची शाळा एका रनने मागे होती, दोन मुली बेसवर, आधीच्या दोघी बाद झालेल्या, आणि आपली वल्लरी बॅटिंगला. पहिला चेंडू तिने सोडला. दुसऱ्याला बॅट फिरली ती इतकी सहज, की मला आधी आवाज ऐकू आला आणि मग कळलं की चेंडू सेकंड बेसवाल्या मुलीच्या डोक्यावरून गेलाय. दोन्ही रन झाले. कोच मिस ओंग, ज्या कुणाचं कधी कौतुक करत नाहीत, त्यांनी तिच्या हेल्मेटवर दोन टपल्या मारल्या. पुढचा सामना मात्र त्या सपाटून हरल्या. वल्लरी रडली नाही. "नेक्स्ट इयर," असं म्हणाली आणि माझ्याकडे न बघता बसमध्ये चढली.

मला खरं तर त्या बॅटबद्दलच लिहायचंय. तुला आठवतंय, वर्षभर ती शाळेची जुनी बॅट वापरत होती? मोठ्या मुलींची, लांब आणि जड. बॅट पुढे जायची आणि हिचं अख्खं अंग तिच्यामागे फरफटत जायचं. मिस ओंगनी चिठ्ठी पाठवली की मुलीला स्वतःची बॅट हवी, तिच्या उंचीची आणि तिला पेलेल अशी. मी ती चिठ्ठी फ्रिजवर लावून ठेवली. तुला दाखवली नाही. हार्बरफ्रंटचं तुझं ऑफिस, शनिवार-रविवारचे तुझे कॉल, यांत मुलीच्या खेळाला जागा नसते, हे मी सहा वर्षांत शिकले होते. एकाही सामन्याला तू आला नव्हतास.

आणि मार्चच्या सुट्टीतल्या त्या शनिवारी तू स्वतःहून ती चिठ्ठी काढलीस. ऑफिसातून तक्ता छापून आणला होतास, उंची एका बाजूला, वजन दुसऱ्या बाजूला. माझ्या शिवणाच्या डब्यातला टेप घेतलास आणि वल्लरीला भिंतीला टेकवून उभं केलंस. टाचा भिंतीला, हनुवटी सरळ, श्वास नेहमीसारखा. उंची घेतलीस. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत हात मोजलास. मग छाती, मग कंबर, मग कमरेपासून गुडघ्यापर्यंत. मी कणीक मळता मळता हसून विचारलं, "बॅटला कंबर कशाला लागते रे?" तू टेपवरची नजर न काढता म्हणालास, "स्विंग कमरेतूनच येतो. तक्त्यात विचारलंय." मला पटलं. तू एकेक आकडा फोनमध्ये लिहून घेत होतास आणि आपली मुलगी, जिला कॅमेऱ्यासमोर दोन सेकंद स्थिर उभं राहवत नाही, ती पुतळ्यासारखी उभी होती.

दुसऱ्या दिवशी आपण बॅट घ्यायला क्वीन्सवेला गेलो. दुकानातल्या म्हाताऱ्या अंकलनी एकतीस इंची बॅट काढून दिली आणि म्हणाले, "गर्ल ग्रो व्हेरी फास्ट. बाय बिग वन ला, नेक्स्ट इयर ऑल्सो कॅन." मी मनात म्हटलं, झालं, आता हा हो म्हणणार. अंगठ्याएवढी जागा सोडून बूट घेणारा आणि पुढे कापूस भरून देणारा माणूस तू. शाळेचा फ्रॉक तीन बोटं दुमडून शिवून घेणारा. पहिलीत तिला घेतलेला रेनकोट तिसरीत तिच्या मापाचा झाला होता. पण तू मान हलवलीस. म्हणालास, "नो अंकल. आजच्या मापाची द्या." बॅट तिच्या पायाशी उभी करून मूठ तळहातापर्यंत येते का ते पाहिलंस. मग मूठ तिच्या छातीला लावून हात बॅटवरून सरळ करायला लावलास आणि बोटं टोकाला पोचतात का ते पाहिलंस. मग एका हाताने बॅट बाजूला आडवी धरायला सांगितलीस आणि तीसपर्यंत मोजलंस. एकतीस इंची अकरालाच खाली यायला लागली. तीस इंची वीसपर्यंत टिकली. एकोणतीस इंची, त्यातलीही हलकी, तीसनंतरही हलली नाही. तू म्हणालास, "हीच." अंकल माझ्याकडे बघून म्हणाले, "युअर हजबंड अंडरस्टँड सॉफ्टबॉल, आह?" आणि मी चक्क मिरवले, प्रबोध. घरी येताना एमआरटीच्या गाडीत वल्लरी ती बॅट मांडीवर आडवी धरून बसली होती. माझ्या कानात म्हणाली, "बाबा फायनली गेट इट."

त्या संध्याकाळी मी तुझ्यासाठी भरली वांगी केली. आईला पुण्याला फोन करून सांगितलं, प्रबोध बदललाय गं. पुढचे चार आठवडे मी फार सुखात होते. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, म्हणून आज सांगते.

तेरा एप्रिलचा रविवार. तू अंघोळीला गेला होतास. वल्लरी माझ्या फोनवर खेळत होती, तेवढ्यात घरच्या ग्रुपवर पुण्याहून तुझ्या नंदावहिनींनी टाकलेला फोटो आला. कपाटाच्या हँडलला हँगरवर अडकवलेला शाळेचा युनिफॉर्म. मरून चौकड्यांचा स्कर्ट, पांढरा ब्लाऊज, टाय. खाली वहिनींनी लिहिलं होतं, "भावजींनी पाठवलेल्या मापावर शिवून घेतला. वाढत्या अंगाची पोर, म्हणून त्यांनीच दोन बोटं जास्त ठेवायला सांगितली होती. सोळा जूनला शाळा सुरू. वाट बघतोय!" वल्लरीला मराठी वाचायला वेळ लागतो. एकेक अक्षर लावत तिने ते पूर्ण वाचलं. मग मला विचारलं, "हू इज धिस फॉर?" मला उत्तर माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, बाबांना विचारू. पण तिने विचारलं नाही. तू डोकं पुसत बाहेर आलास तेव्हा तिने फक्त फोन तुझ्यासमोर धरला, आणि तुझा चेहरा पाहून खोलीत निघून गेली.

तू म्हणालास, "सांगणारच होतो." मग एकेक गोष्ट बाहेर आली, आणि तीही मी विचारली म्हणून. पुणे ऑफिसचं प्रमुखपद तू फेब्रुवारीत स्वीकारलं होतंस. तिथल्या शाळेतला वल्लरीचा प्रवेश फेब्रुवारी संपायच्या आत झाला होता. हा फ्लॅट सोडत असल्याचं एजंटला पत्र गेलं होतं. म्हणजे तू टेप हातात घेतलास तेव्हा सगळं ठरून महिना होत आला होता. "तुम्हाला त्रास नको म्हणून बोललो नाही. वल्लरीचा सीझन बिघडला असता," असं म्हणालास. मी त्या दिवशी भांडले नाही, त्याचा अर्थ तू मला पटलं असा घेतलास. मी गप्प होते कारण माझ्या डोक्यात एकच हिशेब जुळत होता. बॅट नेमक्या मापाची, कारण ती तीनच महिने पुरायला हवी होती. युनिफॉर्म दोन बोटं मोठा. आपल्या मुलीला वाढायला जागा तू पुण्यात ठेवलीस, इथे ठेवली नाहीस.

मी तुझ्या बाजूनेही विचार करून पाहिला. कदाचित शेवटचा सीझन तरी तिचा चांगला जावा असं तुला मनापासून वाटलं असेल. बॅट योग्य होती, यात वाद नाही. मिस ओंगही तसंच म्हणाल्या. पण एप्रिलअखेर तू एकटा पुढे पुण्याला गेल्यावर आठवड्याभराने, सरावाहून परत येताना बसमध्ये वल्लरी खिडकीबाहेर बघत अचानक म्हणाली, "आय स्टुड सो स्ट्रेट, आई." आधी मला कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं. आपला बाबा पहिल्यांदा आपल्यासाठी वेळ काढतोय, त्याचा आकडा चुकायला नको, म्हणून ती इतकी ताठ उभी राहिली होती. यावर तिला काय सांगायचं, ते तुला सुचत असेल तर कळव.

आणि ऐक, विचारलं असतंस तर मी आले असते. हे मला नीट लिहायचंय, म्हणजे पुढे कुणी असं म्हणायला नको की नीताला सिंगापूर सोडवत नव्हतं. माझी आई पुण्यात एकटी आहे. नंदावहिनींशी माझं पटतं. इथला दमटपणा मला अजून सोसत नाही. फेब्रुवारीतल्या कुठल्याही संध्याकाळी, चहा पिताना, "नीता, असं असं पद मिळतंय, काय करूया?" एवढं तू म्हणाला असतास, तर मी थोडी कुरकुर केली असती आणि आठवड्याभरात बॅगा काढल्या असत्या. तू वहिनींना विचारलंस, शाळेला विचारलंस, शिंप्यालासुद्धा विचारलंस. आणि वहिनींना वर सांगून ठेवलंस की नीता नोकरीला कंटाळलीय. हे मला त्यांनीच परवा फोनवर सांगितलं, माझी समजूत घालायला. "आता आराम कर गं जरा," म्हणाल्या.

मी कंटाळले नव्हते. दोन गाड्या आणि एक बस बदलून मी तुआसला जाते, पाण्याचे नमुने तपासते, आणि ते काम मला येतं. चार वर्षं मी तुझ्या इथल्या नोकरीच्या पासला जोडलेल्या परवानगीपत्रावर नोकरी करत आलेय. तुझा पास तीस जूनला रद्द झाला की त्याच दिवशी माझी नोकरीही जाणार होती. तुझ्या हे लक्षात आलं नाही, की लक्षात येऊनही तू बोलला नाहीस, ते मी विचारणार नाही. दोन्ही उत्तरं ऐकायची माझी तयारी नाही. तू विमानात बसलास त्याच्या दुसऱ्या सोमवारी मी आमच्या चंद्रशेखर सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, "फोर इयर्स, नीता. यू शुड हॅव आस्क्ड मी लाँग अगो," एवढंच म्हणाले आणि फॉर्म मागवला. गेल्या गुरुवारी मंजुरी आली. माझ्या स्वतःच्या नावाचा एम्प्लॉयमेंट पास, आणि त्यावर अवलंबून म्हणून वल्लरीचं नाव. याच भागात, तीन ब्लॉक पलीकडे, दोन खोल्या पाहिल्यात. तिची शाळा बदलणार नाही.

तर प्रबोध, आम्ही येत नाही. ठरल्याप्रमाणे चौदा तारखेला मुंबईच्या विमानतळावर आम्हाला घ्यायला गाडी घेऊन येऊ नकोस. आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. मी तुला कळवणारच नव्हते. पाच आठवडे फोनवर पॅकिंग चाललंय असं सांगत आले, आणि मनात ठरवलं होतं की चौदाला तू दाराशी उभा राहावंस, माणसं बाहेर येत राहावीत आणि आम्ही नसावं. तुला एकदा कळावं, आपल्या पाठीमागे सगळं ठरून गेलेलं असतं तेव्हा कसं वाटतं. शुक्रवारी वल्लरीला खरं सांगितलं. पुण्याला जायचं असेल तर तसंही बोल, मी रागावणार नाही, विचार करायला हवे तेवढे दिवस घे, असं म्हटलं. तिने एकच दिवस घेतला. काल म्हणाली, "आय वॉन्ट टू स्टे." मग विचारलं, बाबाला माहीत आहे का? मी म्हटलं, नाही, चौदाला कळेल. ती माझ्याकडे बघत राहिली. एप्रिलमध्ये फोन पुढे करून तुझ्याकडे बघितलं होतं ना, तशीच. म्हणाली, "देन यू आर डुइंग द सेम थिंग, आई." म्हणून आज सकाळी उठल्या उठल्या लिहायला बसले. तिने माझ्याकडे पाठ करून विचारलं, टेलिंग हिम? मी म्हटलं, हो. तिला तुझ्याशी बोलायचं नाहीये इतक्यात, पण तू आलास तर ती दार उघडेल, असं मला वाटतं. येणार असलास तर आधी विचारून ये.

वल्लरीची आई, आणि अजून तरी तुझीच,
नीता