झुंबरने वाचून सही करावी म्हणून

मी, द्वारकाबाई दत्तोबा खलाटे, वय अठ्ठावन्न, राहणार कन्हेरी, तालुका बारामती, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा भुलवणीने नव्हे, तर पूर्ण शुद्धीत लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. पाय तेवढे नाहीत, म्हणून दहा ओळी लिहून उठते, अंगणात फेरी मारते, पुन्हा बसते. अक्षर मध्येच बदललेलं दिसलं तर कोणी कोर्टात जाऊ नये.

१. राहतं घर आणि माझ्या नावावरची दीड एकर डाळिंबाची बाग मुलगा संदेश याला. अट पुढे येईल.

२. माझी काठी जाऊबाई म्हाळसा हिला. "द्वारका सोंग करतीया," असं ती गावभर सांगायची. तिला काठीची गरज कधी न पडो, पण रोज दिसेल अशी टांगावी.

३. आता आजार. माझी आई साखरबाई, इंदापूरची. तिच्या पायावर चुलीतला निखारा पडला तरी तिला कळायचं नाही. आळीने ठरवलं, अंगात देवी आहे. बायका त्या भाजलेल्या पायांना हळदकुंकू लावून जायच्या. आम्हीही मिरवलं. पन्नाशीतच गेली बिचारी. पुढे माझे पाय बधिर झाले, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा अमायलॉइडचा आजार. यकृतात तयार होणारं एक प्रथिन बिघडतं आणि नसांत, हृदयात गाळासारखं साचतं. आईबापांपैकी एकात दोष असला तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. लग्नानंतर मी हक्कसोडपत्रावर सही करून माहेरची जमीन धाकटा भाऊ झुंबर याला दिली. हा वाटा मात्र कोणाला सोडून देता येत नाही.

४. पुण्यात अँटिबॉडीच्या औषधाची चाचणी चालू आहे, मी त्यात आहे. महिन्यातून एकदा सलाईन. त्यातल्या अँटिबॉडी साचलेला गाळ ओळखून धरतात आणि मग शरीरातल्याच पेशी तो साफ करतात, अशी आशा आहे. काहींना औषध, काहींना नुसतं सलाईन. मला काय मिळतं ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. आणि मेलेली नस काही परत येत नाही. लवकर कळलं, त्याचं भलं. माझ्यामागे माझ्या हृदयाचा तुकडा तपासणीला द्यावा. संदेशने कचरू नये.

उठले होते. ठिबकचा कॉक बंद करून आले.

५. संदेशची तपासणी झाली. त्याच्यात दोष आहे, त्रास अजून नाही. अट ही, की ज्या मुलीशी लग्न करील तिला आधी सांगावं. लपवलं तर बाग त्याची नाही. झुंबरची मुलगी अनिता ऊर्फ छकुली हिच्याशी त्याची सुपारी फुटली होती. निकाल आला आणि मी लग्न मोडलं. झुंबरमधून दोष छकुलीत उतरला असेल तर नातवंडांवर दोन्हीकडून संकट. पण भरल्या बैठकीत हे बोलले असते तर पोरीला दुसरं स्थळ आलं नसतं. म्हणून पत्रिकेचं निमित्त केलं. मामाच्या पोरीची पत्रिका कोणी बघतं का? झुंबर उठला. "अक्का, माजी पोरगी तुला नगं झाली व्हय? आजपासनं तू मला मेलीस." महिन्याभराने संदेशने त्याला बाजारात लांबून पाहिलं. ट्रॅक्टरच्या तापल्या सायलेन्सरला पोटरी टेकलेली, आणि हा आपला बोलतोय.

६. माझ्या पाटल्या छकुलीला. लग्नात नव्हे, रक्त तपासायला देईल त्या दिवशी.

७. झुंबरला काहीही देत नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष करू नये, असं वकील म्हणाले, तेव्हाच मला सुचलं, की यालाच साक्षीदार करून वाचायला लावावं. हा कागद मी गेल्यावर उघडला तर फार उशीर होईल. म्हणून शेजारच्या दादासोंकडून निरोप धाडला, अक्का आज जाते की उद्या. खोटं बोलले. तो आलाय, समोर बसलाय, चहाला शिवला नाही. "सई कुठं करायची तेवढं सांग," म्हणतो. मी म्हटलं, "आदी वाच." झुंबर, राग हवा तर ठेव. मला तुझ्यासाठी भीती वाटते, पोरीसाठी त्याहून जास्त. तिला घेऊन चल.

सही: द्वारकाबाई दत्तोबा खलाटे
कन्हेरी, दि. ९ जुलै २०२५

साक्षीदार १: दादासो खलाटे, रा. कन्हेरी.

साक्षीदार २: झुंबर भिमा गलांडे, रा. इंदापूर. समदं वाचलं. सोमवारी छकुलीला घिऊन येतो. पायातली चप्पल निसटली तरी मलाबी कळत न्हाय, अक्का. दोन वरसं झाली. पोरीला ठावं न्हाय.