देवी काढल्याशिवाय बोटीत घेत नाहीत

९ फेब्रुवारी १९५८, रविवार

दिवाळीपासून या वहीत एक अक्षर लिहिलं नाही. माफी मागावी तर कोणाची? वही माझी, वाचणाराही मीच. तरी चुकलंच. आज लिहिण्यासारखं आलं म्हणून बसलो.

वसंताचं जर्मनीहून पत्र. लोखंडाच्या कारखान्यात काम शिकायला गेला त्याला पाच वर्षं होत आली, आता तिथेच नोकरी पक्की. लिहितो, सुमनला आणि दोन्ही पोरांना घेऊन बाबा, आई, तुम्हीही या. एप्रिलअखेर मुंबईहून बोट. इटलीत उतरायचं, तिथे तो घ्यायला येईल. मग आगगाडीने बर्फाचे डोंगर दाखवत त्याच्या घरी. पावसाळा संपला की तुम्ही दोघं परत.

तुम्ही दोघं. सून आणि नातवंडं परत येण्याचं पत्रात कुठे नाही. पुन्हा पुन्हा पाहिलं.

हिला वाचून दाखवलं, पण तेवढी ओळ गाळली. हिने मुन्नाला मांडीवर घेतलं. "तुहा बाप आपल्याले बलावून राह्यला रे." मुन्नाने बाप पाहिलेला नाही. वसंता गेला तेव्हा तो पोटात होता.

१४ फेब्रुवारी

बोटीला कठडा असतो का? कोणाला विचारावं? मुन्ना पाण्याने भरलेल्या बोडीच्या पाळीवर हात सोडून पळतो. बेबीला बसमध्येसुद्धा उलटी होते, ती समुद्रात काय करील. तांदूळ इथूनच न्यावा काय. बैलांकडे कोण पाहील. शेतातली लाखोळी काढायची आहे. सुमन हसते. "मामाजी, बोट आपण नाही हाकलायची."

खरं आहे. पण जीव राहत नाही.

२७ फेब्रुवारी

नागपूरला पासपोर्टाच्या कचेरीत जाऊन आलो, सगळेच. कारकुनाने हिला नवऱ्याचं नाव विचारलं. ही नाव कशी घेणार? बेबी मोठ्याने सांगून मोकळी झाली, तेव्हा रांगेतले लोक हसले. मग अंगावरची ओळखीची खूण विचारली. हिच्याकडे पाहून त्याने स्वतःच लिहिलं, चेहऱ्यावर देवीचे व्रण.

"काय लिवलं जी त्यानं?" मी सांगितलं. मला वाटलं हिला वाईट वाटेल. उलट गाडीत सुमनला सांगत होती, "सरकारच्या कागदावर माह्या मातामायची सही हाय. आता मले कोन अडवते?"

कित्येक दिवसांनी हिचं असं बोलणं ऐकलं.

६ मार्च

काल होळी झाली. आज ब्रह्मपुरीला रहीमभाई शिंप्याकडे पोरांचे कोट आणायला गेलो. जाड घोंगडीचं कापड, आत अस्तर. म्हणाला, "भाऊ, इथी आतापासून घाम निघून राह्यला अन् तुमी पोट्ट्यायले अस्वल बनवता!" मुन्ना कोट घालून दुकानभर गुरगुरला.

तिथेच दवाखान्यात समजलं की देवी काढल्याचा दाखला पाहिजे. त्याशिवाय बोटीत घेत नाहीत. लहान असो, म्हातारा असो.

घरी येऊन मी सरळ म्हणालो, "उद्या सगळ्यांनी देवी काढायला जायचं."

ही भाकर थापत होती. हात थांबला. "कोनाची देवी काहाडता?"

"अगं टोचतात. दंडावर. तुझीही."

"माही देवी काहाडाले थो कोन हाय?"

भाकर तव्यावर जळली. मी उतरवली. ही उठून अंगणात गेली.

७ मार्च

सगळे असंच म्हणतात. शाळेत म्हणतात, कचेरीत म्हणतात, देवी काढल्या का. मीही आयुष्यभर म्हणत आलो. हिच्या कानाने कधी ऐकलं नव्हतं.

यमूबद्दल या वहीत कधी लिहिलेलं नाही. आमची पहिली मुलगी. गावात देवीची साथ आली तेव्हा आई आणि लेक दोघी एकाच बाजेवर. ही उठली, यमू उठली नाही. मातेने नेली असं सगळे म्हणाले आणि हिने ते धरून ठेवलं. अंगणातल्या कडुनिंबाखाली शेंदराचा दगड हिनेच मांडला. रोज आंघोळीआधी त्याला पाणी घालते. आपली पोरगी मातेच्या ओटीत बसली आहे, असं हिला दिसतं. आपल्या तोंडावरचे व्रण म्हणजे त्या दोघींचं घर.

मग देवी काढली तर पोरगी कुठे जाईल?

हे मला काल भाकर उतरवताना कळलं. इतकी वर्षं एका घरात राहून.

८ मार्च

सुमन, पोरं आणि मी टोचून आलो. डॉक्टरला म्हटलं, हिला तर देवी एकदा येऊन गेल्या, आता काय गरज? तो म्हणाला, "मलाही पटतं हो, पण नियम आहे."

१५ मार्च

मुन्नाला ताप. दंड सुजला. माता आली म्हणून हिने दाराला निंबाचा डहाळा बांधला, चपला बाहेर, घरात फोडणी बंद.

सुमन म्हणाली, "आत्याबाई, हा टोचल्याचा ताप आहे. उतरेल."

"तू शिकलेली हायेस. मी पोरगी पुरलेली हाय."

सुमन आत गेली. मी दोघींच्या मधे ओट्यावर बसून राहिलो.

१८ मार्च

ताप उतरला. सुमन म्हणते औषधाने, ही म्हणते मातेने सोडलं. मी दोघींनाही हो म्हणतो.

सुमन विहिरीवर एकटी होती. मला पाहून घागर खाली ठेवली. "मामाजी, आत्याबाई नाही आल्या तरी मी जाईन. पाच वर्षं मी पत्रांशी संसार केला. मला रागवा पाहिजे तर."

रागावलो नाही. तिचं काय चुकलं? पण पोरं जाणार हे आज पहिल्यांदा खरं वाटलं. बेबीला पाटीवर अक्षरं मी शिकवली. तिकडे ती कोणती अक्षरं...

२५ मार्च

हिला समजावून पाहिलं. देवी हा शब्दच काढला नाही. म्हटलं सुई टोचतात, डॉक्टरची टोचणी, औषध.

"शबुद बदलून मले फसवू नका, अजी. तुमी जा. पोराले डोळ्यानं पाहून या. मी राहीन इथी."

"एकटी?"

"एकटी कायची?" आणि निंबाकडे पाहिलं.

माझ्या दंडावर खपली धरली आहे. मी जाऊ शकतो. वसंताला पाहायला जीव किती तुटतो ते कोणाला सांगू. पण हिला मागे ठेवून बोटीत बसलो तर समुद्रात मला काय दिसेल? ही आणि तो दगड.

वसंताला लिहिलं, आम्ही दोघं आता येत नाही.

१४ एप्रिल

वसंताचं उत्तर. आमची दोघांची तिकिटं पावसाळ्यानंतरच्या बोटीवर टाकली. रागावलेला दिसतो. पण खाली बारीक अक्षरात, आईला सांगा मी तिची वाट पाहतो. दाखला मात्र लागेलच.

२२ एप्रिल

सुमन आणि पोरं गेली. सुमनचा भाऊ मुंबईपर्यंत सोबत आहे. ऊन मी म्हणत होतं, तरी मुन्नाने कोट काढला नाही.

"आजी, तू मागून येजो. मी खिडकीची जागा धरून ठेवतो."

हिने त्याचा कोट खांद्यावरून सारून दंड पाहिला. व्रणावर हात ठेवला नाही, त्याच्या बाजूला ठेवला. तोंडाने काही पुटपुटली. सुमन पाया पडली तेव्हा हिने तिला बराच वेळ उठू दिलं नाही, धरूनच ठेवलं. बस हलली. बेबी रडत होती, मुन्ना गुरगुरत होता.

घरी आल्यावर हिने चुकून सगळ्यांचा भात टाकला.

११ मे, रविवार

बोट पोहोचायला हवी होती. काही कळत नाही. समुद्र कसा आहे? मुन्नाने कठड्याशी काही केलं तर नसेल? डाकवाला येतो, शेजारच्याला पत्र देतो, आमच्या दारावरून जातो. त्याचा काय दोष. पण मला त्याचाच राग येतो.

आज सकाळी ही दगडाला पाणी घालत होती. मी ओट्यावर. पाठमोरीच म्हणाली, "अजी, वसंताच्या मुलखात माता फिरते का?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"त्याले इचारा ना." मग किती तरी वेळ पाणी घालत राहिली, तांब्या रिकामा झाला तरी. "इथून काहाडली तं तिथी भेटन का थे मले?"

मी पत्र लिहायला घेतलं. पोस्टाच्या कागदावर हे उतरेना, म्हणून आधी इथे लिहून पाहतो. बाबा वसंता, पोरं सुखरूप पोहोचली एवढं पहिलं कळव. आणि आईने जे विचारलं ते हसण्यावारी नेऊ नको. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला विचार. काय असेल ते लिही, पण लवकर लिही. ती रोज विचारील आणि मला उत्तर येत नाही.