मंदाचा तळवा

मंगळवार संध्याकाळ, विसरवाडी

आज सून आणि मी पूर्वाला नंदुरबारला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. नऊ वर्षांची माझी नात, आणि तिचे पक्के दातही हलायला लागलेत. डॉक्टरांनी तिचे जाड, भेगाळलेले तळहात पाहिले. म्हणाले, दोन्ही एकाच आजाराचं आहे, आई आणि वडील दोघांकडून येतो. "घराण्यात आधी कोणाला होतं?"

मी "नाही" म्हटलं. का म्हटलं?

माझ्या धाकट्या बहिणीला होतं, मंदाला. बाराव्या वर्षी तोंडात चार दात उरलेले. घरात सगळे उष्णता म्हणायचे. पुढे ती तापाने गेली आणि तिचं नावच कोणी काढेना. मग मीच हट्टाने भावाची मुलगी सून करून आणली; म्हणजे पूर्वाला दोन्हीकडून माझ्याच माहेरचं रक्त.

दवाखान्याबाहेर सून म्हणाली, "आत्या, मन्हंच काही चुकनं व्हई का?" मी बसची चौकशी करायला पुढे निघून गेले.

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत मी आणि मंदा प्रार्थनेला जोडीने हात धरून जायचो. मंदाचा तळवा टोचायचा, म्हणून मी तिचं मनगट धरायचे. ती कधी काही बोलली नाही.

परतताना बसमध्ये पूर्वाने विचारलं, "आजी, तू मन्हं मनगटच काब धरस?"

माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मग तळवा धरला. खरखरीत, पण किती ऊबदार! मंदाचाही असाच असेल का?

आत सून भाकरी थापते आहे, मधूनच डोळे पुसते आहे. हे पान तिलाच वाचायला देणार. तोंडाने सांगणं मला जमायचं नाही.