अक्का, आता मी दमानं चालवतो

प्रिय अक्का,

काल करंजी घाटात तीन तास अडकलो आणि मला एकदाही राग आला नाही! हे तुला सोडून कुणाला सांगू? सुमनला सांगितलं, तर बायको माझ्या कपाळाला हात लावून ताप बघायला लागली. म्हणून आज गाडी दारात उभी असताना, स्वातीच्या वहीतलं पान फाडून तुलाच लिहायला बसलोय.

वळणावर एक लांबलचक ट्रेलर आडवा झाला होता. पुढं-मागं गाड्याच गाड्या, सगळ्यांचे हॉर्न चालू. मी इंजिन बंद केलं, केबिनमधला स्टोव्ह काढला आणि पोहे केले. वास गेला तसे मागच्या एसटीतले पाच-सहा जण आले. त्यातल्या एक बाई म्हणाल्या, "भाऊ, मीठ कमी पडलंय." म्हटलं, "डबा तिथं हाय, घ्या की." काय हसलो आम्ही! तेवढ्यात ऑफिसातनं शेळके साहेबांचा फोन. "दत्तू, कुठवर आलास?"

"साहेब, घाटात अडकलोय. पोहे खातोय."

तुझा भाऊ हे बोलला, अक्का! बावीस वर्षं ट्रक चालवतोय, त्यातली वीस तर नुसता पळालो. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, आणि तुझ्या दारावरनं जाताना मी नुसता हॉर्न वाजवायचो. तू पीठ लागलेल्या हातानं बाहेर येईस्तोवर मी नजरेआड. वाईट वाटायचं का गं? कधी बोलली नाहीस.

घरी आलो तरी तेच. स्वाती शाळेतलं काही सांगायला लागली की, "लवकर सांग." शेवटी पोरीनं शेवट आधी सांगायची सवय लावून घेतली. "पप्पा, मला लागलं नाही, पण मी झाडावरून पडले होते." मला त्याची गंमत वाटायची. तूच एकदा बाजूला घेऊन म्हणालीस, "आरं, लेकराला तुझी भीती न्हाई वाटत. तुझ्या घड्याळाची वाटती."

आणि मग दोन वर्षांमागं तू हट्टाला पेटलीस. सोलापूरला मंगलकडं, तुझ्या लेकीकडं जायचं, ते पण एसटीनं नाही, माझ्या ट्रकमधनं! मी कांदा भरून हैदराबादला निघालो होतो. नऊवारी सावरत तू केबिनमध्ये चढलीस, मांडी घालून बसलीस आणि म्हणालीस, "हितनं तर समदं जग ठेंगणं दिसतंय की रं!"

मिरजगावच्या पुढं पिवळ्या ताडपत्रीचा एक ट्रक आपल्याला घासून पुढं गेला. माझं डोकं फिरलं. लागलो त्याच्या मागं.

"काय सोयरीक करायचीय का त्याच्याशी?" तू विचारलंस.

"अक्का, टायमात पोचायचं असतंय. तुला न्हाई कळायचं."

"व्हय, मला टायम न्हाई कळत. भूक कळती. थांबव गाडी."

थांबलो. लिंबाखाली तू फडकं पसरलंस, भाकरी आणि ठेचा काढलास. माझा पहिला घास तोंडात नाही तोच शेळके साहेबांचा फोन. तू माझ्या हातातनं तो काढूनच घेतलास.

"जेवतोय त्यो. तुमी जेवला का?"

पलीकडनं बारीक आवाज आला, "नाही मावशी, अजून नाही."

"मग जेवा की! किती वाजले बघा!"

त्या दिवसापासून साहेब मला विचारायचे, "मावशी बऱ्या आहेत ना?" माझं बरंवाईट मात्र कधी विचारलं नाही त्यांनी!

जेवण झाल्यावर तू मला गाडी दामटू दिली नाहीस. जरा जोर लावला की माझ्या दंडावर चापट. मी मनातनं चिडलो होतो, आता कबूल करतो. आणि करमाळ्याच्या अलीकडं वळण संपलं, तर समोर रस्ताभर मेंढरं! मी ब्रेकवर उभाच राहिलो. कांद्यानं भरलेली गाडी ती, एका जागी कशी थांबणार? घासत, ओरडत गेली आणि म्हाताऱ्या मेंढपाळापासून दोन हातांवर थांबली. दोनच हात, अक्का. सकाळच्या वेगात असतो तर?

वाटलं, आता तू म्हणशील, बघ, सांगत हुते. पण तू खाली उतरलीस. रस्त्यातच बसून राहिलेलं एक कोकरू उचललंस, त्या म्हाताऱ्याच्या हातात दिलंस, मग माझ्या तोंडाला पाण्याची बाटली लावलीस. "घोट घोट पी," एवढंच म्हणालीस. आजवर कुणी मला इतकं समजावलं नव्हतं.

पुढं टोलनाक्याच्या रांगेत लागलो, तर आपल्या पुढं दोनच गाड्या सोडून कोण? तीच पिवळी ताडपत्री! तू खिडकीतनं कमरेपर्यंत बाहेर. "ओ भाऊ! लई घाई हुती न्हवं? आमी जेवून आलो!" त्या गड्यानं हसत हसत हात जोडले. तू तर हसून हसून पदरानं डोळे पुसत होतीस.

परत आल्यावर साहेबांना सांगून टाकलं, "आजपास्नं खरा टाइम सांगणार. झोपेचा आणि जेवणाचा धरून." ते चिडले. माझा रूट काही महिने दुसऱ्याला दिला. मग एके दिवशी स्वतःच फोन केला, "ये बाबा. तू निदान सांगतोस तेव्हा येतोस तरी."

या उन्हाळ्यात तुझ्या दुखण्याचा फोन आला, तेव्हा मी हैदराबादेत होतो. तू शिकवलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "अक्का, आत्ता निघतो, कुठंच थांबत न्हाई." तुझा आवाज पार खोल गेला होता, तरी म्हणालीस, "थांबत थांबत ये. मी हाय."

आणि होतीस! मी आल्यावर आणखी नऊ दिवस होतीस. गाडी उभी करून मी तुझ्या खाटेशी बसलो. तेव्हा कळलं, लहानपणी आईला चोरून तू विहिरीत उड्या मारायचीस! मला नाही येत पोहायला, आणि माझी अक्का पट्टीची पोहणारी! इतकी वर्षं का नाही सांगितलंस? का मीच विचारलं नाही? ही एकच गोष्ट टोचते बघ.

म्हणून परवा सुमनला विचारलं, "तुला काय करावंसं वाटतंय?" तिला वाटलं भाजीचं विचारतोय. नीट विचारलं तेव्हा लाजत म्हणाली, "समुद्र बघायचाय." अक्का, मी रत्नागिरीला कितीदा माल उतरवला असेल! एकदाही समुद्राकडं मान वळवली नाही.

तर तुला शब्द देतो. रत्नागिरीच्या पुढच्या खेपेला सुमन माझ्या शेजारी बसलेली असेल. साहेबांना सांगून झालंय, तिची पिशवी आत्ताच भरून दाराशी ठेवलीय. माल उतरला की आम्ही दोघं वाळूवर जाऊन बसणार. आणि तिला उठावंसं वाटेपर्यंत मी "चल" म्हणणार नाही.

तुझा धाकटा,
दत्तू