उखाण्याबाहेरचं नाव

आक्का, बारामतीच्या दवाखान्यातनं तुझी बना पाया पडती.

फोनवर रडू फुटतं, म्हनून लिवतीय. काळजी करू नगं. ह्यांची डोक्याची जखम भरलीय, दोन भाकरी खात्यात. मोटरसायकलवरनं पडल्यापासनं ओळख तेवढी पटंना.

नरसिंहपूरला म्हस दूध देती न्हवं? तू येळेवर जेवतीस ना?

डॉक्टर म्हनले, नवऱ्याला नावानं हाका मारा. उखाण्याबिगर मी ह्यांचं नाव कधी घेतलं न्हाय. काल घेतलं, "जोतीराम!" तर कोन आलं म्हनून दाराकडं बघाया लागले. मग मलाच इचारलं, "बाई, तुमी कुणाच्या?"

म्हनलं, "जोतीरामाची."

"मग बसा की. यील त्यो न्यायला."

तवापासनं बसलीय.

तुझी,
बना