निरोपाची शिस्त

१२ नोव्हेंबर १९३४
जऊळक्याला आगगाडीतून उतरलो आणि बैलगाडीने या गावी पोचलो. गावाचे नाव लिहून शाई कशाला वाया घालवू? हवा मात्र झकास, आणि मन प्रसन्न आहे. मारोतराव हे इथले मोठे जमीनदार. सरकारी शाळेत पोरे बिघडतात, आणि मशिदीत जब्बार मौलवींची पोरे आपल्या पोरांपेक्षा चोख पाठांतर करतात, या दोन दुःखांवर उतारा म्हणून त्यांनी ही खासगी संस्कृत पाठशाळा काढली. पुण्याहून मास्तर आणला की विद्या आपोआप येते, असा त्यांचा समज. आता मी आलो आहे म्हणजे येईलही.

माझ्याआधीचे शास्त्रीबुवा गेल्या वर्षी शिकवता शिकवताच वारले. त्यांचे आसन भिंतीशी अजून तसेच अंथरलेले आहे. त्यावर बसायचे नाही, असे मला बजावण्यात आले. माझी खोली शाळेला लागूनच आहे.

१५ नोव्हेंबर
'मले', 'तुले' ऐकून कान किटले. मुले कसली, ज्वारीची पोती आहेत. जिथे ठेवाल तिथे बसतात. एकच पोर वेगळी, मारोतरावांची नात विजयमाला. तिचा 'ण' स्वच्छ आहे, आणि एकदा सुधारलेला शब्द ती पुन्हा चुकत नाही. ती मला आवडते. हे इथे लिहितो, तोंडाने कुणाला सांगणार नाही.

रीतभात मात्र शून्य. शाळा सुटली की सगळी मुकाट चालती होतात. गुरूच्या आसनाला 'येतो' म्हणण्याचीसुद्धा अक्कल कुणी दिलेली नाही.

१७ नोव्हेंबर
आज शिस्त लावली. प्रत्येकाने आसनासमोर हात जोडून 'येतो, गुरुजी' म्हणायचे. पोरे ढिम्म. शेवटी विजयमाला पुढे झाली आणि खणखणीत म्हणाली, 'येते, गुरुजी.' बाकीची धूम पळाली.

झाडलोट करणारी प्रयागबाई केरसुणी टाकून धावत आली. म्हणाली, "मास्तर, तिले काहून असं म्हनाले लावलं? सुतकाच्या घरातून 'येतो' म्हनत नाई." हे मलाही ठाऊक आहे, समाचाराला गेलेला माणूस पुण्यातही नुसता उठून जातो. पण वर्ष उलटून गेले की! तर म्हणे शास्त्रीबुवांच्या पिंडाला कावळा शिवलाच नाही, दर्भाचा करून शिववावा लागला. तेव्हापासून गावाच्या लेखी शाळेचे सुतक फिटलेलेच नाही. कावळ्याला विचारून शाळा चालवणारे गाव! पोट धरून हसलो.

२० नोव्हेंबर
काल सुटी होती, तरी विजयमाला आली. कुलूप लावलेल्या दाराशी बसून पाठ म्हणत होती. घरी नेली, तर परत आली. अभ्यासाची गोडी, असे मी मारोतरावांना सांगितले.

तो पाठ मी शिकवलेला नाही.

२२ नोव्हेंबर
अन्न सोडले आहे तिने. घरच्यांनी बांधून ठेवली, तर मनगटे सोलवटून घेऊन आली. आसनाकडे तोंड करून बसते, पाठ म्हणते, मध्येच थांबून ऐकते, मान हलवते. माझ्याकडे बघतही नाही. अडाणी घरातली पोर, मनाचे खेळ — दुसरे काय असणार?

२३ नोव्हेंबर
आसनाला हात लावून पाहिला. उबदार आहे. मध्ये खळगा पडला आहे, बसत्या माणसाचा. मी भितो आहे. या गावात येऊन मी भितो आहे!

२४ नोव्हेंबर
तिच्या तोंडून आता म्हातारा आवाज — तिचा नाही — डोळे खोल गेलेत. प्रयागबाई म्हणते, "शबद देल्ला ना तिनं. आता दुसऱ्यानं आपल्या अंगावर घेतल्याबिगर सुटत नाई." सगळे गाव जमले होते. मारोतरावांनीही मान खाली घातली. मिशा केवढ्या, आणि — भेकड! एकजात भेकड! शिकवले मी, आणि मरायचे तिने?

२५ नोव्हेंबर
घेतला. आसनासमोर उभा राहिलो. ती येणार नाही, मी येतो, असे म्हणालो.

तिने डोळे उघडले. 'मले भूक लागली' म्हणाली. मले! मी सुधारले नाही. भाकरी खाताना बघत बसलो, आणि रडलो.

दुपार
जऊळक्याची बैलगाडी दारात उभी आहे. ट्रंक चढवली. शाळेला कुलूप — किल्ली माझ्याजवळ — आत कुणी तरी पाठ म्हणते आहे. एकाच शब्दावर अडते. पुन्हा मागून सुरू, पुन्हा तिथेच. चुकीचा उच्चार. ढोबळ चूक, पोरसुद्धा करणार नाही. गाडीवान हाका मारतो आहे. पण हे कसे ऐकून घ्यायचे? नुसता दारातून शब्द सांगतो, आणि लगेच —