मामाच्या दोन एचपीचं खरं काय

मामा,

प्रिय वगैरे काही लिवत नाही. राग आहे माहा तुह्यावर. शाळेत पत्र लिवाले शिकवलं त्या दिवशी मी बोरीच्या झाडावर होतो, म्हनून मायना चुकला तं चालवून घे.

आत्ताच काहून लिवून राह्यलो? तं बाबा म्हनते, सोयाबीन घरी याच्या आत ते नाव शेडातून काढ, नाही तं तोडून चुलीत घालतो. तू पोळ्याच्या आधी गेला, अन् पंधरा फुटाची नाव आमच्या धनजच्या शेडात ठेवून गेला. तुह्या कामरगावच्या घरातून तं मामीनं कवाच हाकलली होती, "या घरात एक तं हे राहीन, नाही तं मी." तुनं मामी ठेवली, नाव आमच्याकडं धाडली. आता कोंबडी अंडे देते तिच्यात!

आपल्या वाशिम जिल्ह्यात नाव कोन बनवते मामा? तुहं दुकान मोटर वाइंडिंगचं. एकदा कोकनात कोनाच्या आंब्याच्या बागेत पंप बसवाले काय गेला, खाडीतून शिडाची छोटी नाव समुद्रात जाताना काय पाह्यली, अन् येडा होऊन आला! सागवान आनलं. डोलकाठी उभी केली. सोयाबीनवर झाकाची ताडपत्री कापून शीड शिवलं.

तूच सांगे, "खाडीच्या तोंडाशी वारा दगा देते गज्या. तेवढ्यापुरतं मागं इंजन पाह्यजेच." हे बरोबर. पन हिशोब कसा लावला, आठवते? "विहिरीवरची पाचची मोटर साठ फुटावरून पानी उचलते. नाव तं आपोआप तरंगते, तिले कोन उचलाचं आहे? दोन एचपी लय झाले." अन् साऱ्या गावानं माना हालवल्या! आपल्याकडं एचपी म्हंजे विहीर, दुसरं काय?

अन् मंग तो धरनावरचा दिवस. सारं कामरगाव पाहाले आलतं. तुनं नारळ फोडला, टोपी नीट केली, दोरी वढून इंजन चालू केलं. इंजन बोंबलून राह्यलं, मागं नुसता फेस, अन् नाव? जागची हालेना! काठावरून रशीदचाचा वरडला, "अरे भाई, इससे तेज तो मेरी बकरी तैरती है!" मानसं हसून हसून खाली बसले.

आता लिवतोच. मागच्या कडीले बारीक नायलॉनची दोरी म्या बांधली होती. पान्याखालून, बाभळीच्या खुटाले.

मले वाटलं, दोन मिनिट हसू, मंग दाखवू. पन तुनं इंजन बंद केलं, कोनाकडं पाह्यलं नाही, "दोन कमी पडले" म्हनला अन् उतरला. ते तोंड पाहून दोरी कशी दाखवू मी? उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता दोन वर्स गेले.

गावानं तुहं नावच 'दोन एचपी' पाडलं. तुह्या तेरवीत बी एक बुढा जेवता जेवता म्हने, "दोन एचपी मानूस लय चांगला होता." पानावरची बुंदी तशीच ठेवून उठलो मी मामा. मले वाटलं, दोरी नसती तं हा मानूस कवाच समुद्र पाहून आला असता.

म्हनून मागच्या हप्त्यात गाड्या बदलत बदलत गेलो कोकनात, त्याच खाडीवर. एक म्हातारा नाववाला जाळं शिवत बसला होता. त्याले तुह्या इंजनाचा फोटो दाखवला.

"कुठे चालवलंस हे?"

"धरनात."

"धरणातलं पाणी बसलेलं असतं रे. इथलं चालतं." त्यानं नारळाचं सोडन, वरची वाळकी साल, पान्यात फेकलं. मी काठानं पळालो तरी ते माह्या पुढं! "भरती आत येत असताना बाहेर निघालास, तर हे दोन घोडे किती का ओरडेनात, नाव जागेवरच. ओहोटीत निघालास, तर पाणी ढकलतं बाहेर, समोरून लाट, आणि परत येता येत नाही. शिवाय ह्याचा दांडा आखूड. लाटेने मागची बाजू उचलली की पंखा हवेत. मग दोन काय, वीस घोडे लाव, वाराच घालतील."

"मंग कितीचं पाह्यजे?"

"तुझ्या नावेला पाच. लांब दांड्याचं. आणि भरती पुरी होऊन पाणी थबकतं, तेव्हाच निघायचं."

म्हंजे पाह्य! माही दोरी खोटी, अन् गोष्ट खरी निंगाली. दोन कमीच पडले असते! हसू का रडू, समजेना मले.

तसाच कामरगावले आलो. मामी तांदूळ निवडून राह्यली होती.

"मामी, धरनावर दोरी म्या बांधली होती."

तिनं मान बी वर नाही केली. "मालूम आहे."

"कोनं सांगतलं?"

"त्यायनंच. त्याच दिवशी. घरी येऊन लोळून लोळून हसले. म्हने, गाठ पाह्यली का वळखली, गज्याचीच."

"मंग गावात बोलले काहून नाही?"

"पोहता कोठी येत होतं त्यायले? इंजन चांगलं आहे म्हनलं असतं, तं लोकायनं दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून समुद्रावर धाडलं असतं. तुही दोरी देवावानी धावून आली."

अरे मामा! काय मानूस होता बे तू! दोन वर्स मी तोंड लपवत फिरलो. पाप केलं म्हनून तुहं दुकान झाडलं, चहा आनला, ताराचे बंडल वाहिले. अन् तू गादीवर बसून म्हने, "आजकाल लय शहाना झाला गज्या, तिकडचा कोपरा बी झाड." मालूम असून! मले गावातला एक नंबरचा चालू म्हनते लोकं. कायचा मी चालू?

अन् पोहता येत नाही, हे सांगाले काय झालं होतं तुले? आमच्या विहिरीत पाठीले ट्यूब बांधून शिकवलं असतं, चौथीच्या पोट्ट्यायसंग! हसलो असतो, खरं आहे. पन शिकवलं असतं.

म्या मामीले इचारलं, "म्हंजे त्यायले जाचंच नव्हतं?"

तवा तिचा हात थांबला. "जाचं होतं रे. भेव बी होतं. गेल्या उन्हाळ्यात एकटेच विहिरीवर जायचे. छातीएवढ्या पान्यात पायरीले धरून पाय मारत. एकदा पायरी सोडली म्हने, दहा मोजेपर्यंत. लेकराएवढे खूश होऊन घरी आले."

हे मले काहून नाही सांगतलं तुनं?

तं आता आयक. नाव तुटनार नाही, बाबाले सांगतलं म्या. शुक्रवारी तिले कोकनात न्याले टेम्पो येते. म्हातारा त्याचं जुनं पाचचं इंजन लावून देते, लांब दांड्याचं, सुकानूवर तोच बसते. त्याच्या आधी पानठेल्यावर उभं राहून दोरीचं सांगतो साऱ्यायले, शिव्या खातो. पोहन्याचं नाही सांगत. ते आपल्या घरात.

मामी म्हनते, "मी बी येतो."

म्या म्हनलं, "तुले पोहता येते?"

"नाही येत. पन मी आधी सांगून बसतो ना!"

मामीले तरंगाचं जाकीट घालून मधात बसवीन. पानी थबकल्याबिगर नाव सोडनार नाही, म्हातारा जो म्हनीन ते आयकीन, त्या दिवशी कोनाची मस्करी करनार नाही. खाडीचं तोंड पार झालं का इंजन बंद करीन अन् तुही ताडपत्री उघडीन. अन् मामीले सुखरूप घरी आनीन. शब्द देल्ला.

तुह्यावर अजून बी चिडलेला,
तुहा भाचा गज्या